किल्ली बाईच्याच हातात का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहतो, वय 27. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलंय आणि तीन वर्षं व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करतोय. मध्यंतरी एका कारागृहाच्या महिला विभागासाठी कंत्राटी समुपदेशक हवा अशी जाहिरात बघितली. शिक्षण जुळत होतं, अनुभव जुळत होता, खाली मात्र एक ओळ होती : 'फक्त महिला उमेदवारांनी अर्ज करावेत.' तरी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, लेडीज जेल आहे, पुरुष कसा चालेल?" आणि फोन ठेवला. 'फक्त पुरुष' असं कुणी छापलं असतं तर केवढा गहजब झाला असता! नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही असं घटनेत लिहिलंय ना? मग तुरुंगाला यातून सूट कुणी दिली? कोर्टात जाऊ का?

आणखी एक. माझी धाकटी बहीण कारागृह शिपाई भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावते. तिथे एक जण तिला म्हणाला, "तू फार तर भायखळ्याला लागशील, आर्थर रोडला बाईचं काय काम?" (भायखळ्याला महिलांचं कारागृह, आर्थर रोडला पुरुषांचं.) यावरून घरात आमची रोज खडाजंगी. ती म्हणते, तुझी तक्रार चुकीची आणि माझी खरी.

आपला, स., डोंबिवली

---

स., तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा तुमच्यासाठी आणि एकदा तुमच्या बहिणीसाठी. तुम्हाला राग आला यात काही गैर नाही. तीन वर्षं राबून जी पात्रता कमावली ती एका ओळीत बाजूला सारली गेली, आणि कारण विचारलं तर फोन ठेवला गेला. फोनवरचं ते उत्तर कायद्याच्या नजरेने अपुरंच आहे. पण ती जाहिरात बेकायदा आहे का, हे 'पुरुष कसा चालेल' यावरून ठरत नाही, तसंच 'घटनेत भेद करू नका असं लिहिलंय' यावरूनही ठरत नाही. त्या समुपदेशकाला दिवसभर नेमकं काय करावं लागणार, यावर ते ठरतं. पुढे सगळं त्यावरच बोलणार आहे. त्याआधी एक जागा दाखवते.

मोफत कायदेशीर मदतीच्या कामासाठी मी बरीच वर्षं तुरुंगांत जाते. एका कारागृहात महिला विभागाच्या दारालगत एक कोनाडा आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा. त्याला हिरवा पडदा. पडद्याची एक कडी तुटलेली, म्हणून ते टोक सेफ्टी पिन लावून भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेलं. संध्याकाळी तारखेवरून बायका परत येतात. व्हॅनमधून उतरतात, चपला हातात घेतात आणि एकेक करून पडद्याआड जातात. आत महिला शिपाई झडती घेते. निऱ्या सोडायच्या, अंबाडा मोकळा करायचा, ब्लाउजच्या शिवणीवरून बोटं फिरणार, पाळी असेल तर तेही बघितलं जाणार. त्या दिवशी विशीतली एक मुलगी, पहिल्याच तारखेला जाऊन आलेली, पडद्याशी येऊन थबकली. पाय पुढे पडेना. आतून आवाज आला, "ये बाळा, मीच आहे." मग ती आत गेली.

ती शिपाई फार प्रेमळ होती असं मला म्हणायचं नाही. ती दमलेली होती, तिची दुसरी पाळी चालू होती. पण पडद्याआड बाई आहे एवढं कळल्यावर त्या मुलीला पाऊल टाकता आलं. तुम्ही ज्या सवलतीबद्दल विचारता तिचा उगम त्या कोनाड्यात आहे.

ही गोष्ट कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. 1894 च्या कारागृह कायद्याने सांगितलं की महिला बंदीची झडती आणि तपासणी मेट्रननेच, म्हणजे महिला पहारेकरणीनेच करायची, आणि स्त्री-पुरुष बंदी एकमेकांना दिसणार नाहीत, बोलू शकणार नाहीत अशा वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या भागात ठेवायचे. अटकेच्या वेळची झडतीही बाईची बाईनेच, सभ्यता सांभाळून घ्यायची, हा जुन्या फौजदारी संहितेतला नियम जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये बंद्यांसाठी किमान नियम केले आणि 2015 मध्ये सुधारून त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. त्यातला 81 वा नियम मला फार नेमका वाटतो. तुरुंगातला महिलांचा भाग जबाबदार महिला अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असावा आणि त्या भागाच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे असाव्यात. पुरुष कर्मचाऱ्याने तिथे एकट्याने जायचं नाही, सोबत महिला कर्मचारी हवीच. देखरेख फक्त महिलांची.

किल्लीचा उल्लेख मुद्दाम आहे. रात्री दोन वाजता बरॅकीचं दार कोण उघडू शकतं, हा प्रश्न आत झोपलेल्या बाईसाठी साधा नसतो. आपल्या महाराष्ट्राला हे फार महागात शिकावं लागलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडणं, त्यावर देशभरातल्या बायका रस्त्यावर येणं आणि त्यातून 1983 मध्ये कोठडीतल्या बलात्काराला कायद्यात वेगळी, कडक जागा मिळणं, हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेलच. त्या कलमात पोलिसांबरोबर तुरुंगातले कर्मचारीही येतात.

त्याच 1983 मधला आपल्या मुंबईचा एक खटला मात्र तुमच्यासाठी जरा सविस्तर सांगते. पत्रकार शीला बारसे यांनी मे 1982 मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 15 महिला बंद्यांशी बोलून घेतलं. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. खरंखोटं बघायला न्यायालयाने कुणाला पाठवलं माहीत आहे? न्यू मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतनच्या, म्हणजे समाजकार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या, संचालिकांना. तुरुंगात जाऊन, कुणी अधिकारी शेजारी उभा नसताना बायकांशी बोला, असा आदेश होता. मग निकाल आला : संशयित महिलांना वेगळ्या कोठडीत ठेवा, पहाऱ्यावर महिला पोलीस असू द्या, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच करा. तुमचाच पेशा या निकालाच्या मुळाशी आहे. ज्या पाच जणी बोलल्या, त्या कुणासमोर बोलल्या आणि कुणासमोर बोलल्या नसत्या, याचा विचार समुपदेशक म्हणून तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल.

आता तुमचा प्रश्न, सूट कुणी दिली? ब्रिटनमध्ये 1975 च्या लिंगभेदविरोधी कायद्यातच लिहिलं होतं की रुग्णालय, तुरुंग अशा ठिकाणी, जिथे सगळे पुरुष किंवा सगळ्या स्त्रिया राहतात, तिथे एखादं पद एकाच लिंगाच्या व्यक्तीसाठी ठेवता येईल. आता 2010 च्या समानता कायद्यात कामाची गरज म्हणून ती तरतूद आहे. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यात 'कामासाठी खरोखरच आवश्यक पात्रता' असा अपवाद आहे. आपल्याकडे नोकरीतल्या सगळ्या भेदभावांसाठी मिळून एकच कायदा नाही. खासदार शशी थरूर यांनी तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आपल्याला थेट राज्यघटनेत शिरावं लागतं. अनुच्छेद 16(2) म्हणतो की सरकारी नोकरीत 'केवळ' लिंग, धर्म, जात वगैरे कारणांवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. यातला 'केवळ' अधोरेखित करा. अनुच्छेद 15(3) म्हणतो की स्त्रिया आणि मुलांसाठी सरकार विशेष तरतूद करू शकतं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 1950 च्या दशकातच, मुख्य न्यायमूर्ती छागला असताना, नगरपालिकेत महिलांना जागा राखण्याच्या प्रकरणात भेदाला मनाई आणि विशेष तरतूद ही दोन्ही टोकं जुळवून दाखवली होती. पुढे 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या खटल्यात सरकारी नोकरीतलं महिलांचं आरक्षणही 15(3) खाली बसतं असं सांगितलं. आपल्या राज्यातलं 1994 पासूनचं 30 टक्के समांतर आरक्षण त्याच पायावर उभं आहे.

म्हणजे पुरुषांनी अशा जाहिरातीविरुद्ध कधी जिंकायचंच नाही का? तसं नाही. दिल्लीत एका रुग्णालयातले पुरुष परिचर्या-शिक्षक न्यायालयात गेले होते. वरिष्ठ शिक्षकाचं पद नियमाने फक्त महिलांसाठी होतं. शिकवण्याच्या कामाला बाईच कशाला हवी, याचं पटणारं उत्तर सरकारला देता आलं नाही आणि 1976 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. उलट 2003 मध्ये पंजाब विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य महिलाच असाव्यात हा नियम वैध ठरवला. मला विचाराल तर दिल्लीचा निकाल जास्त काटेकोर आहे. प्राचार्यांचं काम ऑफिसातलं, तिथे लिंगाचा संबंध ओढूनताणून आणावा लागतो. पण सर्वोच्च न्यायालयाचा शब्द वरचा, आणि तुम्ही कोर्टात गेलात तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत हा निकाल टेबलावर ठेवेल.

तेव्हा कामाकडे वळू. अमेरिकेतली दोन प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो. मिशिगनच्या महिला तुरुंगांत पुरुष पहारेकऱ्यांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले. शेवटी राज्याने बायका जिथे झोपतात, आंघोळ करतात त्या विभागांतली सुमारे 250 पदं फक्त महिलांसाठी ठेवली. 2004 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मान्य केलं. नेवाडाच्या एका महिला तुरुंगातही असाच प्रकार झाला, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी वेगळाच उपाय केला. पर्यवेक्षण करणाऱ्या लेफ्टनंटची तीन पदं महिलांसाठी राखली, कारण काय तर बायकांना आत काय शिजतंय ते उपजतच कळतं. 2010 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. लेफ्टनंट झडती घेत नाही, न्हाणीघरापाशी उभा राहत नाही. आणि बाई म्हणजे उपजत समजूतदार, हा काही पुरावा होत नाही.

तुमची जाहिरात या दोहोंत कुठे बसते? हे तुम्हाला शोधून काढायचं आहे. समुपदेशकाला बरॅकीत जाऊन बसावं लागणार असेल, नव्याने आलेल्या बाईची पहिली विचारपूस झडतीच्या खोलीतच करायची असेल, शिपायांची कमतरता म्हणून रात्री थांबावं लागणार असेल, तर ती ओळ योग्य आहे आणि तुम्ही मागे व्हावं असंच मी सांगेन. काम दुपारी, काचेचं दार असलेल्या खोलीत, महिला शिपाई हाकेच्या अंतरावर असताना चालणार असेल, तर मात्र तुमचा प्रश्न रास्त आहे. मघाचा तो 81 वा नियमसुद्धा पुढे स्पष्ट म्हणतो की पुरुष कर्मचाऱ्यांना, विशेषतः डॉक्टर आणि शिक्षकांना, आपलं व्यावसायिक काम महिला विभागात करायला मनाई नाही. मी एका महिला विभागात आठवड्यातून दोनदा येणारे साठीचे मास्तर पाहिलेत. बायका त्यांच्याकडून सही करायला शिकत होत्या. जामिनाच्या कागदावर अंगठा नको, सही हवी, म्हणून एक आजी महिनाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत होती. मास्तर पुरुष आहेत म्हणून तिथे कुणाचं काही अडलं नव्हतं.

तरी एक गोष्ट मनापासून सांगते. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांतल्या किती तरी जणींच्या आयुष्यात नवरा, बाप, दलाल, पोलीस यांपैकी कुणी तरी मोठी जखम केलेली असेल. तुरुंगाबाहेर बाईला समुपदेशक निवडता येतो. नाही पटला तर ती पुढच्या वेळी येत नाही. आत तिला ती मुभा नाही. जो समोर बसवला त्याच्याशीच बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. दोन समुपदेशक असतील आणि त्यात एक बाई असेल, तर दुसरा पुरुष असायला माझी हरकत नाही. एकच पद असेल तर ते बाईला जावं, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, कायद्याचा निकाल नव्हे.

हाच विचार आणखी एका ठिकाणी लागू पडतो, म्हणून सांगते. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानंतर आणि त्यांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यानंतर तृतीयपंथी बंद्यांची झडती कुणी घ्यायची हा प्रश्न आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये राज्यांना कळवलं की झडती त्या व्यक्तीच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीने घ्यावी. इथेही विचारलं गेलं ते बंद्याला.

आता तुमच्या बहिणीकडे येते, कारण अन्याय खरा तिथे आहे. 'भायखळ्याला जाशील, आर्थर रोडला बाईचं काय काम' हे मैदानावरचं बोलणं एकेकाळी चक्क कायदा म्हणून टिकलं होतं. पंजाब सरकारने नियम केला की पुरुषांच्या तुरुंगात कारकून आणि मेट्रन सोडून कुठल्याही पदावर बाई नेमायची नाही. रघुबंस सौदागर सिंग या महिलेने त्याला आव्हान दिलं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. निकाल 1972 च्या न्यायनिर्णयांच्या संग्रहात छापलेला आहे. खुनी, दरोडेखोर, बलात्कारी यांच्यात एकटी बाई अधिकारी म्हणून उभी केली तर तिचं बाई असणंच धोक्याचं ठरेल, असा त्यातला सूर. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तो निकाल वाचला तेव्हा वही मिटून ठेवली होती. गुन्हा कैद्याने करायचा, आणि नोकरी बाईने सोडायची!

1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही असंच झालं. अलाबामातल्या डायान रॉलिन्सन हिने तुरुंगात नोकरी मागितली. वजन किमान 120 पौंड हवं, तिचं कमी भरलं. उंची-वजनाची अट न्यायालयाने रद्द केली, कारण त्या अटीमुळे 40 टक्क्यांहून जास्त बायका बाहेर पडत होत्या आणि कामाशी तिचा संबंध कुणी दाखवू शकलं नाही. पण अतिसुरक्षेच्या पुरुष तुरुंगांत कैद्यांच्या थेट संपर्कातल्या जागा फक्त पुरुषांना, हा नियम मात्र ठेवला. तिथले तुरुंग इतके हिंसक आणि बेबंद आहेत की बाई नको, असं कारण. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुरुंग बेबंद असेल तर तो ताळ्यावर आणा, त्याची शिक्षा नोकरी मागणाऱ्या बाईला कशाला?

त्या विरोधी मताला तीस वर्षांनी आपल्याकडे मान मिळाला. पंजाब अबकारी कायद्यात दारू पितात अशा ठिकाणी बायकांना कामावर ठेवायला बंदी होती. अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या निकालात याच अमेरिकी खटल्याचा दाखला घेतला. संरक्षणाच्या नावाखाली बाईचा हक्कच काढून घेणं हे संरक्षण नव्हे, रस्ता सुरक्षित करायची जबाबदारी सरकारची आहे, असा त्याचा आशय. नंतर 2014 मध्ये आपल्या मुंबईच्या सिनेसृष्टीतला चारू खुराना खटला आला : पुरुषांनी मेकअप करायचा आणि बायकांनी फक्त केस करायचे, असा संघटनेचा नियम होता, तो गेला. 2020 मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात तर 'पुरुष सैनिक बाईचा हुकूम मानणार नाहीत' हा युक्तिवाद न्यायालयाने ठामपणे नाकारला. बहिणीला हे तिन्ही निकाल पाठ करायला सांगा, तोंडी परीक्षेत नाही तर निदान मैदानावर उपयोगी पडतील. आणि हेही सांगा की मीरा बोरवणकर महाराष्ट्राच्या सगळ्या कारागृहांच्या प्रमुख होत्या, आणि किरण बेदी 1993 ते 1995 तिहारच्या प्रमुख होत्या, जिथे बहुतेक बंदी पुरुष. वरच्या खुर्चीवर बाई चालते, मग टॉवरवर, मुलाखत कक्षात, नोंदवहीच्या टेबलावर, मुख्य दरवाज्यावर का चालू नये? पुरुष बंदीची अंगझडती तिने घ्यायची नाही हे बरोबरच आहे; लाज त्यालाही असते. पण तुरुंगाचं काम म्हणजे सगळं झडतीच नव्हे.

ही बाब कागदावरची नाही. महिला शिपायाला फक्त महिला विभागात ठेवलं की तिच्या जागा मोजक्याच राहतात. बदलीला जागा नाही, बढतीला जागा नाही, आणि त्या मोजक्या जणींवरच सगळ्या रात्रपाळ्या. मघाची ती पडद्याआडची शिपाई दुसरी पाळी करत होती ती यामुळेच. तिच्या घरी कोण होतं, मुलं किती, हे मी विचारलं नाही. डब्यातली पोळी मात्र तिने उभ्यानेच खाल्ली, आणि तेवढ्या वेळात किल्ल्यांचा जुडगा काखेत धरून ठेवला होता.

स., तुम्हाला यातली आणखी एक बाजू माहीत असायला हवी. बाई नेमली की काम झालं, असं समजू नका. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात एका महिला बंदीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात अटक झालेल्या सहाही जणी महिला कर्मचारी होत्या. बातमी आली तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला बसला नाही याचं मला वाईट वाटलं. पडद्याआड बाई हवी ही किमान अट आहे. त्या बाईला प्रशिक्षण, पुरेशी झोप, वरून लक्ष आणि बंदीला तक्रार करायची सुरक्षित सोय, हे सगळं त्यापुढे हवं. तुमच्यासारखा प्रशिक्षित समुपदेशक खरा उपयोगी पडतो तो इथे, बंद्यांसाठीही आणि कर्मचाऱ्यांसाठीही.

आता करायचं काय. कोर्टाची पायरी आज चढू नका. आधी ते पद नेमकं कुणाचं आहे ते बघा. कारागृह विभागाचं असेल तर अनुच्छेद 16 लागतो. संस्थेचं असेल तर घटनेचं ते कलम थेट लागणार नाही. तिथे 2019 च्या वेतन संहितेतलं कलम बघावं लागेल. भरतीत लिंगावरून भेद करू नये असं ते म्हणतं, आणि आधीच्या 1976 च्या समान वेतन कायद्यात हे संरक्षण फक्त बायकांपुरतं होतं, तसं इथे राहिलेलं नाही. मग कारागृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साधा कागद, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर. 'का घेतलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा : पदाच्या कर्तव्यांची यादी, कामाची वेळ आणि जागा, 'फक्त महिला' ही अट ज्या आदेशाने घातली त्याची प्रत, आणि त्या विभागात अशी एकूण किती पदं मंजूर आहेत. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील.

कर्तव्यांच्या यादीत झडती, बरॅक, रात्रपाळी यांतलं काहीच नसेल आणि पदं एकाहून जास्त असतील, तर विभागाला निवेदन द्या की एक पद खुलं ठेवा, महिला कर्मचारी सोबत असण्याची अट मला मान्य आहे. हे लेखी कबूल केलंत तर तुमची बाजू बळकट होते. तिथे नकार आला आणि पद शासकीय असेल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आपलं मॅट, मुंबईतच आहे; अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. पण खरं सांगते, जिंकण्याची शक्यता मी निम्म्याहून कमी धरते. याच काळात पुरुष कारागृहांतल्या समुपदेशनाच्या जागांवर लक्ष ठेवा. तुम्ही व्यसनमुक्तीत काम केलंय. गर्द, दारू, गुटखा यांपायी आत आलेली आणि आत आल्यावर तलफेने भिंतीवर डोकं आपटणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी बोलणारं माणूस मला तिथे क्वचितच दिसलं.

बहिणीने भरती झाल्यावर पहिलं पोस्टिंग कुठेही मिळो, सेवाप्रवेश नियम आणि बढतीचे नियम छापील स्वरूपात मिळवून ठेवावेत. महिला शिपायांना महिला विभागाबाहेर नेमता येणार नाही असं त्यात कुठे लिहिलेलं असेल तर ते पान मला पाठवा. मॅटमध्ये जायची वेळ आली तर तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळेल, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुमच्या माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रतही पाठवा. निवेदनाचा मसुदा मी स्वतः बघून देईन, फक्त अपिलाच्या 30 दिवसांच्या आत पाठवा, शेवटच्या दिवशी नको.